पावती क्रमांक १४२

मी नर्स आहे. माहेर नगरचं. जून २०२२ मध्ये मिस्टरांची बदली झाली म्हणून आम्ही सांगलीला, विश्रामबागला राहायला आलो आणि मला मिरजेत नोकरी लागली. आम्हाला ज्या माणसानं फसवलं तो आमचा पास्टर होता. देवाच्या सेवकाविरुद्ध चारचौघांत बोलू नये असं लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून इतके दिवस गप्प बसले. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डला नवीन लागलेल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, मी बाहेरगावची. इथं कुठल्या चर्चला जाऊ?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. तिच्यासारख्या अजून कितीतरी जणी असतील.

सांगली-मिरजेत ख्रिस्ती माणसाला देवळांची वाण नाही. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या भागात आले, मिरजेचं त्यांचं हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं आणि त्याच्या आधारानं नर्सेस, कंपाउंडर, शिक्षक अशी ख्रिस्ती वस्ती इथं रुजली. त्यांचं मिशन प्रेस्बिटेरियन. आमच्या नगरचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासूनचं, काँग्रिगेशनल वळणाचं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाली तेव्हा हे दोन्ही प्रोटेस्टंट प्रवाह तिच्यात आले. शिवाय कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत, आणि हॉल भाड्यानं घेऊन चालणाऱ्या स्वतंत्र फेलोशिप तर गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या कितीतरी प्रामाणिकपणे चालतात, हे आधीच सांगते.

माझी वाट खरं तर सरळ होती. गाव बदललं की जुन्या पाळकसाहेबांकडून (म्हणजे धर्मगुरूंकडून) सभासदत्वाचा दाखला घ्यायचा आणि नव्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, द्यायचा, ही आमच्यातली रीत. दाखला मी आणलाही होता. बायबलच्या कव्हरात घडी करून ठेवला होता.

तीन रविवार आम्ही एका जुन्या मंडळीत गेलो. उपासना ओळखीची, गीतंही ओळखीची, ना. वा. टिळकांचं भजन लागलं तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पण कुणी बोललं नाही. आम्हीही शेवटच्या बाकावर बसायचो आणि आशीर्वाद झाला की रिक्षा पकडायचो. मुलगी म्हणाली, "मम्मी, इथं आपल्याला कुणी ओळखत नाही." ते मला लागलं.

मग एक सहकारी मला तिच्या फेलोशिपला घेऊन गेली. दुकानांच्या वरच्या मजल्यावर हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, ढोलक. दारातच एका बाईनं मिठी मारली. दुसऱ्या रविवारी पास्टरनी स्टेजवरून आमची नावं घेऊन स्वागत केलं. मुलीला क्वायरमध्ये घेतलं. मिस्टरांना टायफॉइड झाला तेव्हा सलग आठ दिवस आमच्या घरी डबा आला, ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी, आणि डबा देणारी प्रत्येक बाई उशाशी उभी राहून प्रार्थना करून गेली. ते प्रेम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या बायका आमच्याइतक्याच फसल्या आहेत. पण त्या प्रेमापायी मी एक गोष्ट विसरले: मंडळी प्रेमळ आहे म्हणून तिचा पैसा सांभाळणारा माणूस प्रामाणिक असेलच असं नाही.

पहिली खूण बाप्तिस्म्याच्या वेळची. पास्टर म्हणाले, लहानपणी झालेला तुमचा बाप्तिस्मा धरता येत नाही, पुन्हा घ्या. असं मनापासून मानणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. (सीएनआयमध्ये लहानपणचा आणि विश्वासानं मोठेपणी घेतलेला, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत.) पण त्यापुढचं वाक्य महत्त्वाचं होतं: "सिस्टर, आता जुन्या मंडळीशी संबंध ठेवू नका. तिथल्या लोकांचा सल्ला घेऊ नका." मी नगरच्या पाळकसाहेबांना फोन करणं बंद केलं. माझ्या थोरल्या भावालाही काही सांगेनाशी झाले. पुढं पैशांचा विषय निघाला तेव्हा आम्हाला अडवणारं जवळ कुणीच उरलं नव्हतं.

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आम्ही माहेरीही द्यायचो. इथं तो पाकिटावर कुटुंबाचं नाव लिहून द्यायचा असे, आणि ज्यांचा आला नाही त्यांच्यासाठी "विशेष प्रार्थना" व्हायची, नावासकट. बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय दर महिन्याला वाचला जाई आणि न देणाऱ्यावर शाप कसा येतो ते सांगितलं जाई. प्रेषित पौलानं करिंथच्या लोकांना लिहिलंय की देणाऱ्यानं कष्टी होऊन किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये. हे वचन मी त्या हॉलमध्ये दीड वर्षात एकदाही ऐकलं नाही. भिंतीवर क्यूआर कोड लावलेला होता. स्कॅन केला की पास्टरच्या बायकोचं नाव यायचं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "ट्रस्टचं खातं निघतंय, कागद बँकेत अडकलेत." दीड वर्ष ते कागद अडकलेलेच होते.

जानेवारी २०२३ मध्ये इमारत निधी सुरू झाला. कुपवाडकडे गुंठेवारीतला एक प्लॉट घेतला आहे, तिथं स्वतःचं देऊळ बांधायचं, प्रत्येक कुटुंबानं चौरस फुटाला १,५०० रुपये या दरानं जमेल तेवढे फूट "देवाच्या नावानं" घ्यायचे. आम्ही चाळीस फूट घेतले, ६०,००० रुपये. आम्हाला प्लॉटवर नेलं, चार कोपऱ्यांत नारळी दोरी बांधलेली होती, मध्ये उभं राहून आम्ही गीत गायलो. मी रडले. ऑगस्टमध्ये पास्टर घरी आले आणि म्हणाले, स्लॅबचं सिमेंट घ्यायचंय, तीन महिन्यांत परत करतो, दीड लाख द्या. मिस्टरांनी पीएफमधून काढून दिले. कागद केला नाही. पास्टरकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे अविश्वास, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

डिसेंबरात नाताळच्या फराळासाठी आम्ही बायका जमलो होतो. करंज्या लाटता लाटता एका आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि पावती दाखवली. धुणीभांडी करणाऱ्या आजी. हातातली एक पाटली मोडून त्यांनी ११,००० रुपये दिले होते. "बघ गं, ह्याच्यावर काय लिवलंय, मला वाचता येत न्हाई." फिकट गुलाबी कागद, जांभळा शिक्का, वर "रजि. नं." आणि कोपऱ्यात लाल आकड्यांत १४२. माझ्या पर्समध्ये माझी पावती होती. मी काढली. तिच्यावरही १४२ होता. तारीख वेगळी, रक्कम वेगळी, नंबर एकच. म्हणजे एकाच आकड्यांची दोन पावती-पुस्तकं छापलेली होती. कुठल्या पुस्तकाचा हिशोब दाखवायचा आणि कुठल्याचा नाही, ते एकट्या पास्टरला माहीत.

मी त्याच रविवारी विचारायला गेले.

"पास्टर, निधीचा जमाखर्च एकदा सगळ्यांसमोर वाचाल का?"

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच विचारतेय."

"सिस्टर, अभिषिक्ताला हात लावू नका असं वचन आहे. ही शंका तुमची नाही, ती कुठून येते ते मला माहीत आहे."

पुढच्या रविवारी स्टेजवरून "मंडळीत फूट पाडणारा आत्मा" या विषयावर संदेश झाला. मुलीला क्वायरच्या ओळीतून मागं बसवलं. ती चौदा वर्षांची होती. घरी आल्यावर तिनं गाण्याची वही कपाटात ठेवली ती अजून बाहेर काढलेली नाही. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

त्यानंतर आम्ही जे केलं ते खरं तर पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं. पावतीवरचा नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिथं होते. कुठल्या ट्रस्टचे विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे नोंदवहीत असतं आणि अर्ज करून त्याची नक्कल मिळते. तो क्रमांक एका शिक्षण संस्थेचा निघाला. आमची फेलोशिप कुठंच नव्हती. मग प्लॉटचा गट नंबर घालून सातबारा काढला. त्यावर पास्टरच्या मेव्हण्याचं नाव होतं. मालमत्ता नोंदणीकृत ट्रस्टच्या नावावर असती तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती कुणाला विकता आली नसती. मेव्हण्याच्या नावची जमीन मेव्हणा उद्या विकू शकतो. दोरी बांधलेल्या त्या चार कोपऱ्यांत आमचा एक फूटही नव्हता.

"८०जीची सवलत मिळेल" (म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सूट) असंही आम्हाला सांगितलं होतं. मिस्टरांच्या ऑफिसातल्या अकाउंटंटनं समजावलं की एकाच धर्माच्या लोकांसाठी चालणाऱ्या संस्थेला साधारणपणे ८०जी मिळत नाही, आणि मिळालेली असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत लागू होत नाही. आम्ही ६०,००० रोख दिले होते.

तक्रार केली. प्रकार २०२३ चा असल्यामुळे जुन्या भारतीय दंड विधानातली ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) ही कलमं. १ जुलै २०२४ ला किंवा त्यानंतर घडलेलं असेल तर भारतीय न्याय संहितेची ३१६ आणि ३१८ बघावी लागतात. तक्रारीचं कळल्यावर पास्टरनी दोन हप्त्यांत ४०,००० परत केले आणि हॉल बदलला. बाकीचे अडकलेत. हातउसन्या दीड लाखापैकी १,००,००० बँकेतून ट्रान्सफर झाले होते, त्याचा पुरावा आहे. ५०,००० रोख होते, त्याचा काहीच नाही.

त्या मुलीला मी सांगितलं, जिथं जाशील तिथं महिनाभर नुसती बस. गीतं, संदेश, माणसं, सगळं मनाला पटतंय का बघ, तेही लागतंच. पण अर्पणाची थैली आत गेल्यावर ती कोण मोजतं, एकटा माणूस की दोघं-तिघं, ते बघ. कमिटी आहे का, ती निवडून येते का, वार्षिक सभा होते का, ऑडिट झालेला हिशोब कधी वाचतात, हे विचार. विचारलं म्हणून कुणी वचन फेकून मारलं तर तिथं थांबू नकोस. पौलासारख्या प्रेषितानंसुद्धा वर्गणी पोहोचवताना सोबत माणसं घेतली होती, आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून. करिंथच्या लोकांना लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. आणि मंडळी कुठलीही असो, माहेरच्या पाळकाशी बोलणं तोडू नकोस.

आम्ही २०२४ च्या ईस्टरला त्या जुन्या मंडळीत परत गेलो. या वेळी मी उपासनेनंतर थांबले आणि स्वतःहून पाळकीणबाईंना नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षांपूर्वी येत होतात ना? शेवटच्या बाकावर बसायचात. आम्ही विचारायला यायच्या आत निघून जायचात." दारातल्या फलकावर मागच्या महिन्याचा जमाखर्च लावलेला होता, विजेच्या बिलापासून मेणबत्त्यांपर्यंत, खाली खजिनदाराची आणि आणखी दोघांची सही. तेव्हा तीन रविवार मी त्या फलकाजवळून गेले होते आणि एकदाही वाचला नव्हता. दाखला मी त्या दिवशी दिला. घडीवर तो फाटायला आला होता.

मिस्टर अजून येत नाहीत. मुलगी कधी येते, कधी नाही. मी आग्रह करत नाही.

सांगली-मिरज-कुपवाड भागात तुमच्याकडे अशी फिकट गुलाबी पावती असेल, जांभळा शिक्का आणि कोपऱ्यात लाल नंबर, तर ती फेकू नका. झेरॉक्स काढा, पैसे कसे दिले ते तारखेसकट मागं लिहून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. १४२ नंबरच्या आतापर्यंत तीन पावत्या जमल्या आहेत. आजींची मूळ पावती त्यांच्या परवानगीनं मी जपून ठेवली आहे.