बिगिनर फिशिंग किट आणि तीन प्रकारच्या लाईनी: रॉड राहू दे, आधी लाईन बदला

एका झिपवाल्या बॅगेत सगळं येतं तसलं तयार किट. घडीचा टेलिस्कोपिक रॉड, छोटं स्पिनिंग रील, रीलवर आधीच गुंडाळलेली लाईन आणि एक कप्प्यांची डबी, ज्यात गळ, शिसं, फ्लोट, स्विव्हल (लाईनला पीळ पडू नये म्हणून मधे लावायची फिरती कडी) आणि सहा रंगांचे रबरी मासे. नवशिक्या माणसाला हे बघून भारी वाटतं की चला एकदाच पैसे टाकले की झालं. मी असलं स्वस्तातलं किट व्यवस्थित वापरून बघितलं, त्याच रीलवर वेगवेगळ्या लाईनी बदलून बघितल्या. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या लेव्हलची किटं स्टिकर सोडलं तर एकमेकांची भावंडंच असतात.

निकाल आधीच सांगतो, ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. रॉड शिकायला चालेल, रील ठीकठाक, गळ बोथट, आणि लाईन घरी आल्या आल्या काढून टाका.

लाईनवर एवढा राग का, तर किटमधली लाईन जाड, कडक आणि कधीपासून स्पूलवर पडून आहे ते देवालाच ठाऊक. नायलॉन गोल गुंडाळून ठेवलं की तो गोल आकार धरून बसतं, याला मेमरी म्हणतात, मग फेकताना स्प्रिंगसारखी वेटोळी निघतात, रॉडच्या रिंगांवर आपटत जातात आणि गळ पायापासून थोड्याच अंतरावर पडतो. त्यात स्पूल अर्धंच भरलेलं असतं. लाईन स्पूलच्या कडेपासून खोल असली की बाहेर पडताना प्रत्येक वेढा कडेला घासतो, म्हणजे आणखी अंतर गेलं. नवीन माणसाला वाटतं आपल्याला फेकताच येत नाही. अरे बाबा तुझा हात बरा आहे, लाईन बदल!

आता कुठली घ्यायची. दुकानात तीन शब्द ऐकायला मिळतात, मोनो, ब्रेड आणि फ्लोरोकार्बन, आणि विकणारा हमखास महागातली पुढे करतो. माझं मत सरळ आहे, पहिली लाईन मोनोच. मोनो म्हणजे नायलॉनचा एकच अखंड धागा. नायलॉन जगासमोर आलं १९३८ मध्ये, ड्यूपॉन्ट कंपनीने आणलं, म्हणजे मटेरियल जुनं आहे पण नवशिक्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यात आहेत. गाठ नीट बसते, गुंता झाला तर बोटांनी सुटतो, स्वस्त आहे त्यामुळे खराब झालेले दहा-वीस मीटर कापून फेकताना जीव जळत नाही. आणि मुख्य म्हणजे ताणते. मासा लागला की नवीन माणूस घाबरून जोरात झटका मारतो, तो झटका मोनोचा ताण गिळून टाकतो, नाहीतर एकतर गाठ तुटते किंवा माशाच्या तोंडातून गळ निसटतो. हाच ताण लांबवर तोटा होतो हेही खरं, कारण तिकडे माशाने हळूच चावलं तर हातापर्यंत काहीच पोचत नाही. पण सुरुवातीला तसंही आपण फ्लोटकडे टक लावून बसलेलो असतो, तेव्हा ते चालून जातं.

जाडी किती हा खरा प्रश्न आहे आणि इथे पाकिटावरच्या आकड्यांनी डोकं फिरतं. एलबी म्हणजे पाउंड, ८ एलबी म्हणजे साधारण ३.६ किलो वजनाला लाईन तुटायला हवी. पण बऱ्याच लाईनी छापलेल्यापेक्षा जास्त वजनाला तुटतात, ऐकायला छान वाटतं ना, पण त्याचा अर्थ इतकाच असतो की लाईन जाड आहे आणि आकडा कमी छापलाय. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन (१९३९ पासूनची संस्था आहे, माशांचे जागतिक रेकॉर्ड ठेवते) लाईनच्या ताकदीप्रमाणे रेकॉर्ड देते तेव्हा लाईनचा तुकडा मागवून ओला करून तोडून बघते, पाकिटावर काय लिहिलंय याला तिथे किंमत नाही. ओला का, तर नायलॉन पाणी पितं आणि थोडं कमजोर होतं. म्हणून मी पाउंडापेक्षा मिलिमीटर बघतो. ०.२५ च्या आसपासची मोनो, म्हणजे साधारण ८ एलबी, २५०० साइझच्या रीलवर (हा रीलच्या आकाराचा नंबर) अगदी बरोबर बसते. ०.३५ वगैरे घेतली तर छोट्या रीलवर ती तारेसारखी वागते.

नावच हवं असेल तर बर्कलीची ट्रायलीन एक्सएल मऊ असते, मेमरी कमी, फेकायला गुळगुळीत. त्याच घरातली एक्सटी जास्त टणक, ती दगड-झाडोऱ्यात घासून टिकावी म्हणून बनवलेली. दोन्हींची पाकिटं सारखीच वाटतात आणि लोक घाईत एक्सटी उचलून नंतर म्हणतात लाईन कडक आहे. स्पिनिंग रील असेल तर एक्सएल घ्या.

ब्रेडबद्दल थोडं लांबण लावतो कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच आहे. ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची वेणी, डायनीमा किंवा स्पेक्ट्रा ही त्या तंतूंची व्यापारी नावं. ताणत जवळपास नाहीच, त्यामुळे दूरवर माशाने नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं, आणि ताकदीच्या मानाने इतकी बारीक की २० एलबीची ब्रेड जाडीला ६ एलबीच्या मोनोएवढी भरते. वापरून बघितल्यावर सोडवत नाही हे मान्य. पण नवशिक्याच्या हातात, त्यातही बारीक ब्रेड म्हणजे गुंत्याला आमंत्रण. ढिली लाईन रीलवर गेली आणि पुढच्या फेकीला वाऱ्यात एक फास बसला की ती गाठ नखाने निघत नाही, सुई लागते, बऱ्याचदा कात्रीच. कात्रीही साधी चालत नाही, नेलकटर तर नुसतं चावत बसतं. उघड्या हाताला गुंडाळून ओढली तर बोट कापतं, हे गंमत म्हणून सांगत नाहीये, गळ खाली अडकला तर लाईन काठीला गुंडाळून ओढा. दगडाच्या धारेवर ताणात घासली की ब्रेड पटकन जाते, आणि पाण्यात ती दिसतेही, म्हणून पुढे मोनो किंवा फ्लोरोकार्बनचा तुकडा जोडावा लागतो, म्हणजे आणखी एक गाठ शिकणं आलं.

आणि स्वस्त ब्रेड घेताना जाडीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. पाकिटावर ०.१६ आणि हातात सुतळी असा प्रकार असतो. जपानी लाईनींवर पीई नंबर असतो, पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, हा आकडा लक्षात ठेवला की तुलना करायला बरं पडतं. एक्स ४, एक्स ८ हे वेणीत किती पदर आहेत त्याचे आकडे. आठ पदरी जास्त गोल आणि आवाज न करणारी, चार पदरी खरखरीत पण शिकायला तीही पुरते. ब्रेड घ्यायचीच असेल तर जरा जाड घ्या, आणि रीलवर आधी मोनोचे काही वेढे देऊन त्यावर ब्रेड बांधा. थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली तर सगळा गठ्ठाच स्पूलवर गरगर फिरतो आणि माणूस ड्रॅग (माशाने जोरात ओढलं की लाईन थोडी सोडणारा रीलमधला ब्रेक) बिघडला म्हणून रील उघडून बसतो.

फ्लोरोकार्बन मी सुरुवातीच्या यादीतून सरळ काढलंय, निदान पूर्ण रील भरायला तरी नको. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये ही लाईन आणली. प्रकाश वाकवण्याचा तिचा गुण नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळ जातो (पाणी १.३३, ही १.४२, नायलॉन १.५ च्या वर) त्यामुळे पाण्यात कमी दिसते. अदृश्य वगैरे होत नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. नायलॉनपेक्षा बरीच जड असते, बुडते, घासून टिकते. पण कडक असते, छोट्या रीलवरून उसळ्या मारत सुटते आणि गाठ कोरडी ओढली की जागच्या जागी तुटते. फ्लोट लावून बसणाऱ्याला बुडणारी लाईन तशीही नकोच. पुढच्या मीटरभर तुकड्याला मात्र छान, या पुढच्या तुकड्याला लीडर म्हणतात, त्यासाठी छोटं लीडर स्पूल मिळतं. पाकिटावर 'कोटेड' असा शब्द दिसला तर ते आतून नायलॉनच आहे, वरून फक्त मुलामा, किंमत बघून ठरवा.

चांगली लाईन आणून ती वाकडी भरली तर पैसे वाया, म्हणून हे पण. नवीन स्पूल जमिनीवर लेबल वर करून ठेवा, लाईन रॉडच्या पहिल्या रिंगमधून घेऊन रीलला बांधा, ओल्या फडक्यात चिमटीत दाबून धरा आणि दहा-पंधरा वेळा हँडल फिरवून थांबा. लाईन ढिली सोडा. पीळ पडून वेटोळं झालं तर स्पूल उलटं करा, नाही झालं तर तसंच चालू ठेवा. कडेपासून दोन-तीन मिमी खाली थांबायचं. लोभाने काठोकाठ भरलं तर पहिल्याच फेकीला अख्खी गुंतवळ बाहेर येते.

रॉड. टेलिस्कोपिकचा फायदा एकच, बॅगेत मावतो. जोडावर वाळू गेली की अडकतो, जोरात फेकताना एखादा कप्पा आत सरकतो आणि रिंगा दर वेळी सरळ रेषेत आणायच्या हा वेगळा उद्योग. किटमधला मोडला नाही हे कबूल, त्याला पाचपैकी तीन. पण किट न घेता सुटं घेणार असाल तर साडेसहा ते सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम किंवा मीडियम लाईट (हा रॉडच्या ताकदीचा दर्जा) रॉड घ्या, मुठीच्या वर लाईनची रेंज छापलेली असते त्यात तुमची लाईन बसते का बघा. फायबरग्लास मिसळलेला घेतला तर दरवाजात चेमटला तरी शक्यतो वाचतो, शेक्सपियरचा अग्ली स्टिक १९७६ पासून त्याच एका गुणावर विकला जातोय, थोडा जड असतो एवढंच. शुद्ध कार्बनचा हलका रॉड हातात मस्त वाटतो पण आपटला की गेला, शिवाय कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे वर विजेच्या तारा असतील तिथे उभा धरून चालायचंच नाही. घेताना प्रत्येक रिंगमधून कापूस फिरवून बघा, कुठे तंतू अडकला तर आतली सिरॅमिक चकती तडकलेली आहे, ती रोज लाईन कापत राहील.

रीलवर '१२+१ बेअरिंग' वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. चार चांगली बेअरिंग डझनभर फालतूंपेक्षा बरी. ड्रॅग बघा. लाईन हाताने ओढल्यावर सरसर एकसारखी सुटली पाहिजे, अडकत-सुटत असेल तर मोठा मासा तिथेच लाईन तोडणार. सेटिंग लाईनच्या ताकदीच्या पाव भागाला ठेवतात, म्हणजे ८ एलबीला २ एलबी, साध्या ताणकाट्याला गळ अडकवून बघता येतं. किटच्या रीलचा ड्रॅग जरा धक्के देत होता, बाकी वळायला मऊ होतं. लहान मुलांसाठी घेत असाल तर झाकणवालं बटन दाबायचं स्पिनकास्ट रील बघा, त्यात गुंता बराच कमी. या प्रकारातलं प्रसिद्ध नाव झेबको, आणि ते मूळ 'झिरो अवर बॉम्ब कंपनी'चं लघुरूप आहे, तेलविहिरींत फोडायचे बॉम्ब बनवणारी मंडळी १९४९ मध्ये रील बनवायला लागली!

डबीतल्या सामानापैकी फ्लोट आणि स्विव्हल ठेवा, गळ बदला. टोक नखावर हलकं ओढून बघा, रुतलं तर धार आहे, घसरलं तर बोथट. किटमधले बहुतेक घसरले. ६ ते १० नंबरचे सुटे गळ आणा, इथे आकडा वाढला की गळ लहान होतो, १ च्या पुढे मात्र १/०, २/० असं उलटं मोठं होत जातं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा सोडताना सोपं जातं, आणि स्वतःच्या बोटात घुसला तर त्याहून सोपं. शिशाचे मणी दाताने दाबायची सवय लावू नका, विषारी आहे ते, पाणपक्षी गिळून मरतात म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली, टिनचे मणी मिळाले तर ते घ्या.

गाठीपुरतं म्हणाल तर मोनोला इम्प्रूव्हड क्लिंच, पाच-सहा वेढे, ओढायच्या आधी थुंकीने ओली करायची कारण घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं. ब्रेडवर ही गाठ घसरते, तिथे पॅलोमार नावाची गाठ.

काढून टाकलेली जुनी लाईन काठावर किंवा पाण्यात सोडू नका, पक्ष्यांच्या पायात अडकते. बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. आणि रीलवरची मोनो उन्हात राहिली की वर्षभरात निबर होते, बोटांनी चाचपून खरखर लागली की पुढचे काही मीटर कापा, सगळीकडेच लागली तर नवीन भरा.