उधारीच्या दुकानासाठी टॅलीप्राइम कितपत कामाचं?

जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर उचललं जातं. सोयाबीनवाल्याचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, कापूस आणि तूरवाल्याचे कधी मार्च ओलांडून. जालना, परभणी, लातूर, कुठंही जा, कृषी सेवा केंद्राचा धंदा असाच चालतो. अशा एकल मालकीच्या दुकानाला टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर घ्यावं का? घ्यावं. पण मर्कंटाइल (उपार्जित) पद्धतीचा हिशोब, म्हणजे पैसे कधी आले-गेले ते न बघता व्यवहार ज्या वर्षाचा त्याच वर्षात धरायचा हिशोब, ते आपोआप करून देतं, या समजुतीत घेऊ नये. सॉफ्टवेअर खतावणी ठेवतं. कुठला खर्च कुठल्या वर्षाचा, हे माणसालाच सांगावं लागतं.

आधी पद्धतीचं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे धंद्याचं उत्पन्न रोखीच्या किंवा मर्कंटाइल अशा एकाच पद्धतीनं, तेही दरवर्षी नियमितपणे, काढायचं असतं. विक्री पैसे आल्यावर धरायची आणि खर्च मात्र बिल आलं की टाकायचा, ही सरमिसळ चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असला, तरी २०२५-२६ चं विवरणपत्र जुन्याच कायद्यानं भरायचं आहे.

मर्कंटाइल पद्धतीत टॅली कसं वागतं ते एका बिलावर पाहा. जुलैमध्ये डीएपी खताच्या १० गोण्या १,३५० रुपयांनी उधार गेल्या, बिल १३,५०० चं. एफ ८ दाबून सेल्स व्हाउचर, म्हणजे विक्रीची नोंद, केलं की शेतकऱ्याच्या खात्यावर १३,५०० येणे पडतं. विक्रीत मात्र १२,८५७.१४ जातात आणि ३२१.४३ सीजीएसटी (केंद्राचा), ३२१.४३ एसजीएसटी (राज्याचा) देणे दिसतं. उत्पन्न म्हणजे हे १२,८५७.१४ आणि ते जुलैचंच. नोव्हेंबरमध्ये एफ ६ नं पावती केली की येणं कमी होतं, उत्पन्न वाढत नाही. जीएसटीसुद्धा जुलैचाच, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यानं तो २० ऑगस्टपर्यंत भरायचा, शेतकऱ्याचा रुपया आलेला असो वा नसो. खेळतं भांडवल नेमकं इथंच अडकतं. म्हणून येण्याची यादी दर आठवड्याला उघडून बघावी.

ती यादी खरी असावी म्हणून एफ ११ मध्ये बिल-वाइज एंट्री, म्हणजे बिलागणिक नोंद, पहिल्याच दिवशी चालू करा. पावती करताना ‘अगेन्स्ट रेफ’ निवडून ती नेमक्या बिलाला लावा. गर्दीत बहुतेक ठिकाणी कुठल्याच बिलाला न लावता ‘ऑन अकाउंट’ करून पुढं जातात. मग शेतकऱ्याची एकूण बाकी बरोबर दिसते, पण बिलं न फिटलेलीच दिसतात आणि कोणती उधारी किती दिवसांची, हे सांगणारा रिपोर्ट निरुपयोगी होतो. दुसरी नेहमीची चूक नावांची. एका गावात एकाच नावाचे तीन शेतकरी असतात. लेजरच्या, म्हणजे खात्याच्या, नावात गाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे घाला.

मार्चअखेरीचं काम एफ ७, म्हणजे जर्नलमध्ये. महावितरणचं मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं. ३१ मार्चला लाइट बिल नावे (डेबिट), ‘लाइट बिल देणे’ जमा (क्रेडिट). एप्रिलमध्ये पैसे भरताना पेमेंट त्या ‘देणे’ खात्याला नावे टाकायचं. पुन्हा लाइट बिल खात्याला टाकलं की तोच खर्च दोनदा लागतो. ही चूक सर्रास होते. विम्याचं उलटं. १ ऑक्टोबरला वर्षाचा १२,००० हप्ता भरला असेल तर ६,००० पुढच्या वर्षाचे. ते पूर्वदत्त खर्च म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जातात. आणि ‘रिव्हर्सिंग जर्नल’ हे नाव पाहून फसू नका. ती नोंद तात्पुरत्या रिपोर्टपुरती असते, मूळ पुस्तकात जात नाही. बऱ्याच जणांना वाटतं की १ एप्रिलला ती आपोआप उलटून पडेल.

कंपन्यांच्या योजनांची सूट हा सगळ्यात अवघड भाग. सूट ठरलेल्या उठावावर, म्हणजे किती माल उचलला त्यावर असते, ती देणारी कंपनीची क्रेडिट नोट मात्र कित्येक महिन्यांनी हातात पडते. लेखी योजना आणि पुरा झालेला उठाव हाताशी असेल, तर ती रक्कम ३१ मार्चला येणे म्हणून धरा. विक्री प्रतिनिधीच्या तोंडी शब्दावर धरू नका. हंगामाअखेर परत जाणाऱ्या बियाण्याच्या पिशव्यांसाठी डेबिट नोट, म्हणजे माल परत केल्याची नोंद, त्याच तारखेची करा, नाहीतर साठा फुगतो आणि नफाही. कीटकनाशकांसाठी बॅच आणि मुदतीची तारीख चालू ठेवा. मुदत संपलेला माल खरेदी किमतीनं साठ्यात राहिला तर तो नफा खोटा.

दुष्काळी वर्षात उधारी बुडते. उपार्जित पद्धतीत ती विक्री आधीच उत्पन्नात धरलेली असल्यानं पुस्तकात बुडीत म्हणून निर्लेखित केली, म्हणजे खात्यातून काढून टाकली, की वजावट मिळते. नुसतं ‘येणार नाही’ असं मनाशी धरून चालत नाही, जर्नलची नोंद हवी. घरचा किराणा, मुलांची फी दुकानाच्या खर्चात घालू नका. त्यासाठी भांडवलाखाली ‘उचल’ खातं काढा.

टॅलीप्राइममधून आयटीआर-३, म्हणजे धंदेवाल्याचं प्राप्तिकर विवरणपत्र, भरता येत नाही, आकडे काढून सीएकडे द्यावे लागतात. बँकेचं व्याज, जीएसटी अशा देण्यांना कलम ४३ब लागतं. ती विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरली नाहीत तर त्या वर्षी वजावट नाही, आणि हे गणित टॅली करत नाही. कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवणाऱ्या छोट्या, रोखीच्या दुकानाला इतकं सगळं लागतही नाही.

एका संगणकाच्या दुकानाला सिल्व्हर परवाना पुरतो. वार्षिक नूतनीकरण थांबवलं तरी कायमचा परवाना चालत राहतो, फक्त नव्या आवृत्त्या आणि जोडलेल्या सेवा बंद होतात. शैक्षणिक मोड फुकट आहे, पण त्यात मोजक्याच तारखांना नोंदी होतात. शिकायला ठीक, दुकानाला नाही. आपल्याकडं वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस घ्या आणि रोज दुकान बंद करताना बॅकअप पेन ड्राइव्हवर काढून घरी न्या.