कुत्र्यासह कोकण किनारा: भाड्याची कॅम्परव्हॅन की घरचीच कार?

रेवस ते रेडी हा किनारा कुत्र्याला सोबत घेऊन करायचा म्हटलं की दोन पर्याय पुढे येतात. एक, झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली भाड्याची कॅम्परव्हॅन. दुसरा, घरचीच कार आणि वाटेत कुत्रा चालवून घेणारे होमस्टे. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि तेव्हापासून अशा गाड्यांची चौकशी वाढली आहे. पण ही तुलना बहुधा माणसांच्या सोयीवर होते. कुत्र्याला लागतं ते इतकंच: पोटाखाली गार जमीन, फार न हलणारी जागा, ओळखीचा वास आणि वेळेवर उतरायला मिळणं. इथे दोन्ही पर्याय याच मापाने मोजले आहेत. आमचा कौल आधीच सांगतो: बहुतेक कुत्र्यांसाठी कार आणि दोनच लांब मुक्काम बरे. व्हॅन काही ठरावीक कुत्र्यांसाठी खरोखर चांगली आहे, तेही पुढे येईल.

गारवा

निर्णय इथेच लागतो, म्हणून याच्यावर जास्त वेळ घालवू. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून तो अंग थंड ठेवतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते पाणी नीट उडत नाही, त्यामुळे पुण्यात ३२ अंशांत मजेत फिरणारा कुत्रा गुहागरला ३० अंशांतच दमतो. त्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात, आणि तिथून अवयव निकामी व्हायला फार वेळ लागत नाही. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका सगळ्यात आधी.

बंद कारचा हिशेब सरळ आहे. बाहेर ३० अंश असताना दहा मिनिटांत आत चाळिशी गाठली जाते, काच दोन बोटं उघडी ठेवली तरी. म्हणून कारमध्ये कुत्र्याला एकटं सोडायचं नाही, हे बहुतेकांना माहीत असतं आणि ते पाळतातही.

व्हॅनमध्ये नेमका इथेच घोळ होतो. ‘एसी आहे, आपण जेवून येऊ’ असं वाटतं. उभ्या गाडीतला एसी चालवायला सुमारे एक ते सव्वा किलोवॅट वीज लागते. गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर तिच्यात जास्तीत जास्त २.४ किलोवॅट-तास वीज मावते. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर एसी जेमतेम दोन तास चालतो, तोही बॅटरी नवी असेल तर. म्हणजे बाहेरून जोडणी हवीच. कॅम्परव्हॅन लावून प्लग जोडायच्या तयार जागा कोकणात फार थोड्या आहेत. बहुतेक वेळा एखाद्या होमस्टेच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरूनच वायर ओढावी लागते. गावात व्होल्टेज पडलं, एसी ट्रिप झाला आणि आत फक्त कुत्रा आहे, तर पत्र्याची ती पेटी कारइतक्याच वेगाने तापते. त्यामुळे व्हॅन घेतली तरी एक माणूस कायम कुत्र्यापाशी राहील असंच नियोजन करा.

होमस्टेची पडवी या बाबतीत सहज जिंकते. फरशी किंवा सारवलेली जमीन, वर कौलं, समोर माडांची सावली. कुत्रा पोट टेकून पडला की त्याचं काम झालं.

घाट आणि हेलकावे

ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबोली, कुठूनही उतरा, वळणं चुकत नाहीत. कॅम्परव्हॅन बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीच्या सांगाड्यावर बांधलेली असते: उंच, आणि मागची चाकं पाट्याच्या स्प्रिंगांवर. वळणावर ती कारपेक्षा जास्त झुकते. मागच्या चाकांच्याही मागे पलंग असतो आणि कुत्र्याला नेमकं तिथेच बसवलं जातं. हेलकावा सगळ्यात जास्त तिथेच बसतो. आधी जांभया, मग ओठ चाटणं, लाळ आणि शेवटी उलटी. कुत्र्याची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, जमिनीलगत हवी.

आडव्या सोफ्याला पट्टे नसतात, ही व्हॅनची दुसरी अडचण. बुकिंगआधी विचारा की पट्टे असलेल्या सीट किती आणि कुठे आहेत. कुत्र्याचा हार्नेस त्याच पट्ट्याला अडकवायचा, किंवा क्रेट (कुत्र्याचा प्रवासी पिंजरा) गाडीच्या तळातल्या कड्यांना दोन बाजूंनी बांधायचा. चालत्या व्हॅनमध्ये मोकळा कुत्रा म्हणजे ब्रेक दाबताच पुढे फेकला जाणारा वीस-तीस किलोंचा जीव. कारमध्ये हे सोपं जातं: मागच्या सीटवर झोळीसारखं कव्हर, छातीचा हार्नेस आणि बकलमध्ये बसणारा आखूड पट्टा. गळपट्ट्याला मात्र कधीच बांधू नका, झटक्याने मान दुखावते.

दोन्ही गाड्यांसाठी: निघण्याआधी चार-सहा तास खाणं बंद, पाणी थोडं थोडं चालू. नेहमी उलटी करणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारून मॅरोपिटंटची गोळी द्या. ती निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते. घाटाच्या पायथ्याशी दिली तर त्या घाटासाठी उपयोग नाही.

फेरीबोट आणि गावातल्या वाटा

किनाऱ्याने जायचं तर काही खाड्या तरीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनेच ओलांडायच्या: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. कार सहज चढते. लांब व्हॅनचा मागचा लोंबता भाग ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उताराला घासू शकतो, म्हणून भरतीची वेळ बघूनच निघा. तरीचा लोखंडी डेक दुपारी पंजे भाजतो. कुत्र्याला गाडीतच ठेवा, काचा उघड्या आणि माणूस सोबत.

आंजर्ले, मुरूड, वेळणेश्वर इथल्या वाड्यांतल्या वाटा दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमध्ये अडकलेल्या आहेत. तिथे छपरावर एसी बसवलेली उंच व्हॅन वायरींना आणि झापांना लागते. ती गावाबाहेर उभी करावी लागते, म्हणजे कुत्र्याला समुद्रापर्यंत तापल्या डांबरावरून चालवणं आलं. आणि माडाखाली कोणतीही गाडी लावू नका, नारळ पडतो.

रात्र

व्हॅनची खरी ताकद इथे आहे. वास रोज तोच, अंथरूण तेच, वाटी त्याच कोपऱ्यात. अनोळखी खोलीत रात्रभर येरझारा घालणारा, फटाक्यांना घाबरणारा किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर धावणारा कुत्रा व्हॅनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या रात्री स्थिरावतो. होमस्टेत रोज नवी खोली, नवी माणसं, वर यजमानांच्या कोंबड्या आणि मांजर. म्हणूनच आम्ही कारवाल्यांना दोनच मुक्काम सुचवतो: एक दापोलीच्या बाजूला, एक मालवण–वेंगुर्ल्याकडे, प्रत्येकी तीन-चार रात्री. रोज मुक्काम बदलला तर कारचा सगळा फायदा जातो.

व्हॅनचा पत्रा पातळ असतो, गावातली कुत्री रात्री गाडीभोवती फिरतात आणि आपला कुत्रा भुंकत राहतो. पायऱ्याही उंच असतात. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसातून सहा वेळा उचलून घ्यावं लागतं. रॅम्प सोबत न्या, आणि तो घरीच आठवडाभर सवयीचा करा.

दोन्हीकडे एक नियम सारखाच: रात्री कुत्र्याला अंगणात बांधून ठेवायचं नाही. कोकणात बिबट्या वाडीपर्यंत येतो आणि बांधलेला कुत्रा त्याला सोपा पडतो. रात्रीच्या शूसाठी आखूड पट्टा आणि हातात बॅटरी. जांभ्या दगडांच्या सड्यांवर (उघड्या कातळी माळांवर), विशेषतः रत्नागिरी–देवगडकडे, फुरसं हा विषारी साप असतो. तो इतका लहान की कुत्रा वासाला नाक लावतो आणि चावा तोंडावर बसतो.

वाळू, पाणी, किनारा

मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या अंगातली खारट वाळू धुवायला १५–२० लिटर पाणी लागतं. व्हॅनची टाकी अशा दोन-तीन अंघोळींतच संपत येते, कारण भांडी आणि संडासही त्याच टाकीवर. विहीर किंवा अंगणातला नळ असलेलं घर इथे पुन्हा पुढे. वाळू तशीच राहिली तर पंज्यांच्या बोटांमध्ये लाल चट्टे उठतात. पिण्याचं पाणी वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण एक लिटर, किनाऱ्यावर दुप्पट धरा. तहानलेला कुत्रा खारं पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते तिथे पट्टा सोडू नका. जाळ्यातून फेकलेला केंड मासा विषारी असतो आणि कुत्र्याला त्याचा वास फार ओढतो. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीपासून मेपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. तिथे आपला कुत्रा कितीही गुणी असला तरी पट्ट्यावरच.

पैसे आणि अटी

व्हॅनच्या भाड्यात रोजच्या किलोमीटरची मर्यादा, चालकाचा भत्ता, टोल आणि कुत्र्यामुळे लागणारा वेगळा सफाई आकार धरलेला आहे का, हे लेखी घ्या. चालक बहुधा मालकाचाच असतो, म्हणजे एक परका माणूस कुत्र्याच्या ‘घरात’ दिवसभर बसणार. अनोळखी माणसांवर गुरगुरणाऱ्या कुत्र्याची निघण्याआधी त्याच्याशी दोनदा तरी भेट घडवा. लसीकरणाचं कार्ड आणि गोचिडाची गोळी दोन्ही पर्यायांत लागतेच.

शांत, तरुण, माणसांत रमणारा कुत्रा असेल तर कार. नव्या जागेला घाबरणारा, पण गाडीत निवांत झोपणारा आणि सोबत किमान दोन मोठी माणसं असतील तर व्हॅन. चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर डिसेंबर-जानेवारी सोडून दोन्ही नको. व्हॅनकडेच कल असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी गाडी तासभर मागवून घ्या, कुत्र्याला आत बसवा आणि घराजवळच अर्धा तास फिरवा. वीसेक मिनिटांत तो आडवा झाला तर बुकिंग करा. उभाच राहून धापा टाकत असेल तर कारमधलं कव्हर धुवायला काढा.