गावभागातले शिवणकामाचे दुकान: अल्बिनिझम असलेल्यांसाठी उन्हातले कपडे

अल्बिनिझम (त्वचा, केस आणि डोळ्यांत जन्मतःच रंगद्रव्य नसणे किंवा फार कमी असणे) असलेल्या माणसाला उन्हात घालण्याजोगे कपडे सांगलीत शिवून मिळतात का, असे काही पालकांनी मला विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. गावभागात, हरभट रस्त्याकडून आत शिरल्यावर, पाटी नसलेले एक छोटे शिवणकामाचे दुकान आहे. तेथील कारागिरांनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, अल्बिनिझम असलेल्या माझ्या धाकट्या भावाला बागेत घालायचे शर्ट आणि टोप्या शिवून दिल्या. पूर्ण हंगाम वापरून झाल्यावर माझे मत असे आहे की शर्ट अतिशय चांगले आहेत, टोपीत मात्र सुधारणेला वाव आहे.

भावाची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि उन्हात जाणे त्याला टाळता येत नाही. पुष्कळ लोक अल्बिनिझमला कोड समजतात. ते चूक आहे. कोडामध्ये त्वचेतील रंगपेशीच नष्ट होतात, तर अल्बिनिझममध्ये त्या पेशी जन्मापासून असतात, पण त्यांत मेलॅनिन तयार होत नाही किंवा फार थोडे होते. उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारे हे रंगद्रव्यच नसल्यामुळे त्वचेचे नुकसान लहानपणापासून साठत जाते आणि आपल्याकडे एरवी क्वचित दिसणारा त्वचेचा कर्करोग या लोकांना तरुण वयातही गाठू शकतो. आफ्रिकेतील अनुभवानुसार त्यांच्यात स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा, कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि तो बहुधा चेहरा, कान, ओठ, मान अशा उघड्या भागांवर होतो.

भावाच्या कानाच्या वरच्या कडेवर एक खरखरीत, खवलेदार चट्टा आला होता. एका दवाखान्यात उन्हाचे पुरळ म्हणून मलम देऊन आमची बोळवण झाली. पुढे मिरजेतील एका त्वचारोगतज्ज्ञांनी तो कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेतील असल्याचे ओळखले, द्रव नायट्रोजनने गोठवून काढला आणि स्पष्ट सांगितले की सनस्क्रीन क्रीम नंतर, आधी कपडे. त्या सल्ल्यामुळेच आम्ही या दुकानापर्यंत पोहोचलो.

मामांनी माप घेण्याआधी भावाला काम कसे करतो ते विचारले, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा वेलींवर पानांची सावली उरत नाही आणि मंडपाखाली हात वर करून तासन् तास काम करावे लागते. सांगली सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणजे छाटणी आणि पाठोपाठची विरळणी नेमकी सर्वांत कडक उन्हातच येते. हात वर केला की साध्या शर्टाची बाही मनगटापासून चांगली चार बोटे मागे सरकते आणि नेमके तेवढेच कातडे भाजते. एका मोठ्या दुकानातून आणलेल्या, उन्हापासून संरक्षण देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या शर्टाचीही हीच गत झाली होती. मामांनी बगलेत मोठी कळी घातली, बाही लांब ठेवली आणि कफाला अंगठा अडकवण्यासाठी काज केले. "मामा, हात वर करून बघू का?" असे म्हणत भावाने दुकानातच छाटणीचा आविर्भाव करून दाखवला, तरी बाही जागची हलली नाही. कॉलर उभी, मानेच्या मागे दुपटीची आणि गळ्याशी मिटणारी आहे.

कापडाची निवडही त्यांनी डोळसपणे केली. मी उन्हाळ्यासाठी पातळ, पांढरे सुती कापड मागितले होते; त्यांनी ठाण उजेडाला धरून म्हटले, "ताई, यातून उजेड किती येतो बघा, तेवढंच ऊन येणार." शास्त्रही बरेचसे तेच सांगते. विणीची घट्टता सर्वांत महत्त्वाची. गडद रंग फिकट रंगापेक्षा अधिक किरण अडवतो, आणि सुती कापड ओले झाले की संरक्षण आणखी घटते. यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवते याचे माप) 50 असे मानांकन असलेल्या कापडातून अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येतो, तर पातळ पांढऱ्या सुती बनियनमधून त्याच्या कित्येक पट. आम्ही गडद निळे, घट्ट विणीचे सुती कापड घेतले. त्याच्यावर मानांकनाचा शिक्का नाही, त्यामुळे आकडा सांगता येणार नाही. परंतु संपूर्ण हंगामात भावाची पाठ आणि दंड एकदाही लाल झाले नाहीत. एप्रिल-मेमध्ये त्यात घाम फार येतो, हे मात्र खरे, आणि म्हणून बदलायला दुसरा कोरडा शर्ट बागेत ठेवावाच लागतो.

टोपीबाबत मी तितकी समाधानी नाही. सर्व बाजूंनी तीन इंचांची कड आणि मानेवर पडणारा पडदा ही कल्पना योग्य आहे, कारण नेहमीची पुढे चोच असलेली टोपी कान आणि मान उघडीच ठेवते. कडेच्या खालच्या बाजूला त्यांनी काळे अस्तर लावले, त्यामुळे जमिनीवरून उलटणारा उजेड कमी झाला. अल्बिनिझममध्ये दृष्टी अधू असते आणि प्रखर प्रकाश सोसत नाही, त्यामुळे याचा भावाला मोठा आधार झाला. पण दोन-तीन धुण्यांतच कड लिबलिबीत होऊन कानांवरून वर वळू लागली, आणि मंडपाच्या तारांत ती अडकते. आतील कॅनव्हास अधिक ताठ हवा, हे मी त्यांना सांगितले आहे.

हे कपडे सनस्क्रीनचा खर्च किती वाचवतात, तेही लिहिते. सनस्क्रीन त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावावे लागते, म्हणजे मोठ्या माणसाच्या संपूर्ण अंगाला एका वेळी सुमारे 30 मिली, आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. 50 मिलीची ट्यूब अशाने दुपारपर्यंतही पुरणार नाही. पूर्ण बाहीचा शर्ट आणि टोपी असली की चेहरा, कान, ओठ आणि पंजे एवढेच उरतात. शेतकऱ्याच्या घराला हाच हिशेब परवडतो. टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी येथील त्वचारोग प्रशिक्षण केंद्रात अल्बिनिझम असलेल्यांसाठी सनस्क्रीन तयार केले जाते. असे काही आपल्याकडेही व्हावे, असे मला मनापासून वाटते.

कपड्यांमुळे तपासणी मात्र टळत नाही. महिनाभरात न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्त येणारा फोड किंवा वाढणारी गुलाबी गाठ दिसली तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. या लोकांमध्ये मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, क्वचित होतो, पण झाला तर तो बहुधा काळा नसतो, म्हणून काळ्या तिळावर नजर ठेवण्याचा नेहमीचा सल्ला येथे अपुरा पडतो.

शर्टाची शिलाई 400 रुपये आणि टोपी 250 रुपये पडली. कापड आपण न्यायचे. मामा दिलेली तारीख पाळत नाहीत, आठवडाभर उशीर गृहीत धरावा. दिवाळी आणि लग्नसराईत ते असे कपडे हातात घेत नाहीत, त्यामुळे खरड छाटणीसाठी हवे असतील तर जानेवारीतच माप द्यावे, आणि ज्याला घालायचे आहेत त्याला सोबत न्यावे, कारण नुसत्या जुन्या शर्टावरून माप घ्यायला ते तयार होत नाहीत.