जळगावच्या गेम स्टुडिओत तीन महिने इंटर्नशिप, जाऊ का विचारणाऱ्यांसाठी

शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप कंपल्सरी होती, वर्गातली निम्मी पोरं पुण्याला गेली, मला तिथलं रूमभाडं झेपणारं नव्हतं म्हणून जळगावातच एका छोट्या मोबाईल गेम स्टुडिओत लागलो, भुसावळहून रोज ट्रेनने अपडाऊन. नाव टाकत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

पहिले दोन आठवडे कोडला हात लावू दिला नाही, नुसतं टेस्टिंग. टेबलावर आठ-नऊ जुने अँड्रॉइड फोन, एकाचा काच कोपऱ्यात तडकलेला, आणि दिवसभर तीच लेव्हल. सुरुवातीला लय राग यायचा, पण बग, म्हणजे गेममधली चूक, नीट लिहून कळवायला तिथंच शिकलो. "गेम अटकतो" एवढंच लिहिलं की लीड दादा, म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख, परत पाठवायचे. कोणता फोन, कितवी लेव्हल, आधी काय दाबलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, सगळं पाहिजे, आणि तीनदा करून बघितल्याशिवाय पाठवायचं नाही.

मग युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतलं काम मिळालं. माझा हिरो माझ्या फोनवर बरोबर पळायचा, जुन्या फोनवर निम्म्या स्पीडने. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी दादा खुर्ची ओढून शेजारी बसले, म्हणे तू दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, ठराविक अंतर सरकवून राहिला, हा फोन सेकंदाला ६० फ्रेम काढतो आणि तो ३०, मग तो अर्धंच पळणार ना भाऊ. स्पीडला टाइम डॉट डेल्टाटाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणलं, दोन्ही फोनवर सारखा पळायला लागला. कॉलेजात असं शेजारी बसून कोणी कधीच दाखवलं नव्हतं.

सगळ्यात जास्त शिकलो ते मे महिन्यात. बाहेर ४४ डिग्री, दुपारी लाईट गेली, एसी बंद, फोन हातात धरवेना आणि गेम एकदम अडखळायला लागला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दादा म्हणे फोन तापला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, आणि आपला गेम खेळणारा पोरगा एसीत नाही, एसटी स्टँडवर बसलेला असतो. तेव्हापासून थंड फोनवर टेस्ट बंद, आधी वीस मिनिटं खेळून फोन तापवायचा मग आकडे बघायचे. ६० फ्रेम पाहिजे तर एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंदच मिळतात, आणि प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते दाखवणारं टूल) लावला तर दिसलं की आम्ही प्रत्येक नाणं नवीन बनवून लगेच डिलीट करत होतो, मेमरीत साठलेला तो कचरा साफ करतानाच झटका बसायचा. वीस नाणी आधीच बनवून ठेवली आणि तीच फिरवून वापरली, झटका गेला.

आता तक्रार. स्टायपेंड दर महिन्याच्या १० तारखेला सांगितला होता, पहिला आला दोन महिने उलटल्यावर, तोपर्यंत ट्रेनचा पास घरच्या पैशातून. सर्टिफिकेट तर कॉलेजची सबमिशनची तारीख गेल्यावर हातात पडलं, मला एचओडींपुढे (विभागप्रमुखांपुढे) दोनदा जाऊन उभं राहावं लागलं. शिकवणारी माणसं एवढी चांगली आणि ऑफिसचा कारभार असा, याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून जाणाऱ्यांनी स्टायपेंडची आणि सर्टिफिकेटची तारीख पहिल्या दिवशीच मेलवर लिहून घ्या. सी शार्प येत नसेल तरी घेतात, मला पण फक्त सी आणि थोडं जावा येत होतं, पण युनिटीत एखादा छोटा गेम स्वतः पूर्ण करून न्या, इंटरव्ह्यूला तोच उघडायला लावतात.