शॉकअपचं काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

आमची स्विफ्ट २०१३ ची, ८६ हजार किमी झालेली. गेले दोन-तीन महिने स्पीडब्रेकर उतरला की गाडी नंदीबैलासारखी मान डोलवायची, एकदा नाही तीन-चारदा, आणि नवले पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला की नाक एकदम खाली, मागे बसलेली आई लगेच "अरे हळू!" मी आपला टायरची हवा चेक करत बसलो होतो. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली (नाव नको), त्यांनी गाडी वर न उचलताच चारही शॉकअप आणि स्प्रिंग मिळून २६ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. मग ऑफिसातल्या एकाने पुण्यात धनकवडीतलं हे गॅरेज सांगितलं.

इथल्या मामांनी पहिल्यांदा पुढची दोन्ही चाकं काढली आणि मला आत बोलावून दाखवलं, डाव्या शॉकअपवर वरपासून खालपर्यंत ऑइल आलेलं आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. मागचे दोन्ही कोरडे होते, म्हणाले हे चालतील अजून, उगाच बदलू नका. उजवा तसा बरा दिसत होता, पण पुढची जोडीच बदलायची, एक नवा एक जुना ठेवला तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या दबतात आणि गाडी वागते पण तशीच. हे पटलं.

मला इतकी वर्षं वाटायचं की गाडीचं वजन शॉकअप पेलतो. तसं नाहीये, वजन स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंग एकदा दबली की नुसती खाली-वर नाचत राहते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. आत पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह, नाचताना ऑइलला त्यातूनच जावं लागतं, त्यात स्प्रिंगचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते, म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. मामांनी काढलेला डावा शॉकअप फरशीवर उभा करून माझ्या हाताने दांडा दाबायला लावला, रिकाम्या सिरिंजसारखा सर्रकन खाली गेला आणि तिथेच बसला. नवा दाबला तर अंगाचा जोर लावावा लागला, आणि सोडल्यावर हळूहळू आपला आपण वर आला, त्यात गॅस भरलेला असतो म्हणून. बस्स, माझी शंका तिथेच मिटली.

काम हाताखालच्या पोराच्या भरवशावर सोडलं नाही हे आवडलं. स्प्रिंगला कंप्रेसर (ती दाबून धरायचं अवजार) लावताना मामा मला म्हणाले, "दादा लांब उभे राहा, ही सुटली तर दात पाडंल." वरचं माउंटिंग (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो तो भाग) आणि धूळ अडवायचं रबर पण नवं टाकलं, जुनं माउंटिंग चिरलेलं होतं आणि स्टिअरिंग वळवताना जो कटकट आवाज यायचा तो त्याचाच निघाला.

आता तक्रार. सकाळी १० ला गाडी दिली, "जेवायच्या आत घेऊन जा" म्हणाले. पार्ट आणायला नाना पेठेत पाठवलेला पोरगा दीड वाजता परत आला, वर एकच माउंटिंग घेऊन, मग पुन्हा गेला. गाडी मिळाली साडेसातला. बसायला एक स्टूल, पंखा नाही. आणि अलाइनमेंटचं मशीन यांच्याकडे नाही, पुढचे शॉकअप काढले की चाकाचा कोन हलतो त्यामुळे ते करावंच लागतं, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाऊन वेगळे पैसे मोजले. इथलं बिल मजुरीसकट ८,४०० झालं, कच्च्या कागदावर, मागितल्यावर पक्कं दिलं.

फरक म्हणाल तर रविवारी साताऱ्याला जाऊन आलो, खंबाटकी घाटात गाडी वळणाला झुकत नाही, ब्रेकला नाक खाली घालत नाही. सुरुवातीला जरा कडक वाटते. बाबांना वाटलेलं गाडी उंच होईल, ती झाली नाही, उंची स्प्रिंगवर असते. फक्त ६० च्या पुढे घूं घूं आवाज अजून येतोय, कारण खराब शॉकअपवर फिरवून पुढचे टायर जागोजागी खाल्ले गेलेत, हात फिरवला की चढउतार लागतात. ते मामांनी आधीच सांगितलं होतं. नवे टायर दिवाळीनंतर बघू, सध्या हे मागच्या चाकांना टाकलेत.

पाचपैकी चार स्टार. एक त्या स्टुलाचा कापला.