उमेदवाराचा खर्च आणि पक्षाचा खर्च : एकाला मोजपट्टी, दुसऱ्याला मोकळं रान

विधानसभेच्या उमेदवाराला प्रचारखर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख रुपये, गोव्यात २८ लाख. लोकसभेला अनुक्रमे ९५ आणि ७५ लाख. त्यासाठी वेगळं बँक खातं, रोजची खर्चवही आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, स्पीकर, गाडी यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात. त्यामुळे 'चहा फुकटात मिळाला' असं सांगून सुटका नाही, तो दरपत्रकानुसार खात्यात चढतोच. हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता.

पक्षाला? खर्चाची मर्यादाच नाही. विधानसभेनंतर ७५, लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचं विवरण निवडणूक आयोगाकडे द्यायचं, एवढंच.

खरी गंमत दोन्हींच्या सीमेवर आहे. स्टार प्रचारकाचं, म्हणजे पक्षाने प्रचारासाठी नेमलेल्या बड्या नेत्याचं, हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात जातं. पण सभेच्या मंचावर उमेदवार बसला, किंवा फलकावर त्याचा फोटो लागला, की सभेचा खर्च त्याच्याही नावावर येतो. मग उमेदवार मंचावर न चढता खालीच थांबला तर नवल नाही!

१९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराचाच धरला होता. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. माझ्या मते उमेदवाराचे नियम चांगलेच कडक आहेत, पण पक्षाला कमाल मर्यादा घातल्याशिवाय ते अर्धवटच राहणार.